सहा महिने थांब

सुख कशात आहे, हा प्रश्न आपल्या कानांना नवा नाही. कीर्तनाच्या पूर्वरंगात तो येतो, शाळेच्या निबंधात येतो आणि रात्री जेवणे आटोपून पारावर बसलेल्या मंडळींच्या बोलण्यातही येतो. उत्तरेही ठरलेली आहेत. कोणी म्हणतो समाधानात, कोणी म्हणतो सत्संगात, आणि एखादा खवट म्हातारा म्हणतो, "अरे, आधी ती गटार वाहती करा, मग सुखाचं बघू!" त्या म्हाताऱ्याला हसू नका. आज ज्या चित्रपटाविषयी मी बोलणार आहे, त्यात सुखाचा पत्ता शेवटी एका तुंबलेल्या डबक्यापाशीच लागतो.

चित्रपट जपानी आहे. नाव 'इकिरु', म्हणजे जगणे. तो १९५२ साली निघाला. लढाईत पोळलेला आणि नव्याने उभा राहू पाहणारा तो जपान होता. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा आणि मुख्य भूमिका ताकाशी शिमुरा या नटाची. टॉल्स्टॉय यांच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या १८८६ सालच्या कथेवरून कुरोसावांना ही कल्पना सुचली. पुढे सत्तर वर्षांनी, २०२२ साली, याच कथेवर 'लिव्हिंग' नावाचा इंग्रजी चित्रपट निघाला. त्याची पटकथा काझुओ इशिगुरो या नोबेल पारितोषिक मिळालेल्या लेखकाने लिहिली. सत्तर वर्षे एखादी गोष्ट टिकते, तेव्हा तिच्यात काही तरी सकस असले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, जपान कुठे आणि आपण कुठे! तिथली भाषा आपल्याला येत नाही, रीतिरिवाज ठाऊक नाहीत. पण या गोष्टीला दुभाषी फारसा लागत नाही. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण ज्याला कळते, त्याला 'इकिरु' कळतो.

गोष्टीचा नायक कांजी वातानाबे. एका शहराच्या नगरपालिकेत नागरिकांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी एक खाते आहे, त्याचा हा प्रमुख. बायको लवकर वारली. एकुलत्या एका मुलासाठी म्हणून याने दुसरे लग्न केले नाही. जवळजवळ तीस वर्षांच्या नोकरीत एका दिवसाची रजा नाही. आपल्याकडे अशा माणसाचा निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. पण चित्रपटातला निवेदक आरंभीच बजावून सांगतो की हा गृहस्थ जगतच नाही, वीसेक वर्षांपूर्वीच तो मेलेला आहे.

वातानाबेच्या टेबलावर कागदांचे ढीग आहेत. जपानात सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का उमटवण्याची चाल. हा एक कागद उचलतो, शिक्का मारतो, बाजूला ठेवतो, मधूनच घड्याळ पाहतो. शिक्का पुसायला कागद हवा म्हणून खण उघडतो आणि आतल्या एका जुन्या बाडाचे पान टरकन फाडतो. ते बाड कसले? कामकाज कसे सुधारावे याची योजना, वीसेक वर्षांपूर्वी त्याने स्वतःच लिहिलेली! कुरोसावा यावर व्याख्यान देत नाहीत. पान फाटते, शिक्का पुसला जातो, कागद पुढे सरकतो. झाले.

अशा या खात्यात एके दिवशी कुरोए वस्तीतल्या बाया येतात. त्यांच्या घरांशेजारी सांडपाण्याचे एक डबके आहे. घाण येते, डास होतात, पोरांच्या अंगावर पुरळ उठते. हे डबके बुजवून तिथे मुलांना खेळायला जागा करून द्या, एवढेच त्यांचे मागणे. खातेप्रमुख मानही वर न करता सांगतात, बांधकाम खात्याकडे पाठवा. बांधकामवाले म्हणतात, बागखात्याकडे जा. बागखाते म्हणते, हा आरोग्याचा प्रश्न. मग साथीच्या रोगांचे खाते, सांडपाण्याचे खाते, रस्त्यांचे खाते, अग्निशामक दल, शिक्षण खाते, नगरसेवक आणि शेवटी खुद्द उपनगराध्यक्ष. ते फार गोड बोलतात. म्हणतात, अशाच गाऱ्हाण्यांसाठी आम्ही मुद्दाम एक खाते उघडले आहे, तिकडे जा. बाया फिरून पहिल्याच खिडकीशी येतात, आणि खिडकीतला कारकून त्यांना पुन्हा बांधकाम खात्याचा रस्ता दाखवतो. हे दृश्य पाहताना माणसाला आधी हसू येते आणि मग राग. तलाठी कचेरीच्या किंवा पंचायत समितीच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत, त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको.

आणि मग नियतीने कसा खेळ केला पाहा. पोट दुखते म्हणून वातानाबे दवाखान्यात जातो. बाहेर बसलेला दुसरा एक रोगी त्याला हळूच सांगतो की, डॉक्टर जर म्हणाले, 'साधा व्रण आहे, हवं ते खा,' तर समजा पोटाचा कर्करोग. त्या काळी जपानात डॉक्टर असे निदान रोग्याला तोंडावर सांगत नसत. आत गेल्यावर डॉक्टर अक्षरशः तेच बोलतात. वातानाबेच्या हातातला कोट गळून पडतो. त्याच्यापाशी उरलेले आयुष्य सुमारे सहा महिने! ज्याने लोकांना जन्मभर सहा महिने थांबवले, त्याच्याच पदरात देवाने मोजून सहा महिने टाकले.

या सहा महिन्यांचे करायचे काय? श्रोतेहो, खरा चित्रपट इथून सुरू होतो.

प्रथम तो घराकडे वळतो. ज्याच्यासाठी जन्म वेचला त्या मुलाला सांगावे, त्याच्या खांद्यावर डोके ठेवावे, असे त्याला वाटते. तो अंधारात बसून राहतो. तेवढ्यात मुलगा आणि सून बाहेरून येतात. खोलीत कोणी नाही अशा समजुतीने त्यांचे बोलणे चालते. विषय कोणता? बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून नवे घर कसे बांधता येईल! वातानाबे काही न बोलता आपल्या खोलीत जातो. मुलगा दुष्ट आहे असे मात्र समजू नका. बाप कधी बोललाच नाही, मग मुलाला कळावे कसे? आपल्या कित्येक घरांत असेच आहे. आम्ही पोरांसाठी राबतो आणि राबण्याच्या नादात पोरांशी बोलायचेच राहून जाते.

मग तो सुखाला बाजारात शोधतो. बँकेतून पैसे काढतो, पण ते खर्चायचे कसे हेच त्याला ठाऊक नाही! एक कादंबरीकार भेटतो आणि म्हणतो, चला, मी दाखवतो. रात्रभर दोघे दारूचे गुत्ते, जुगाराची यंत्रे, नाचगाण्याची ठिकाणे पालथी घालतात. एका ठिकाणी पियानोवाला विचारतो, कोणते गाणे वाजवू? वातानाबे एक जुने, १९१५ सालचे गाणे सांगतो. आयुष्य किती थोडे आहे असे सुचवणारे ते गाणे आहे. तो स्वतःच ते गाऊ लागतो, अगदी खोल, थिजलेल्या आवाजात. डोळ्यांतून पाणी वाहते. नाचणारी जोडपी थांबून बाजूला सरकतात. पैसे दिले, रात्र सरली, हाती काय आले? ओकारी.

तिसऱ्यांदा तो सुख शोधतो एका माणसाच्या सहवासात. त्याच्याच कचेरीतली तोयो नावाची एक पोरगी राजीनाम्यावर शिक्का घ्यायला येते. कचेरीत तिचा जीव रमत नाही. भोकसे पडलेले पायमोजे घालणारी, पण खळखळून हसणारी. तिने कचेरीतल्या प्रत्येकाला टोपणनाव ठेवले आहे. वातानाबेचे नाव काय, तर 'ममी', म्हणजे मसाला भरून जतन केलेले प्रेत. ती भीतभीत हे सांगते आणि तो हसतो. तो तिला नवे पायमोजे घेऊन देतो, खाऊपिऊ घालतो, फिरायला नेतो. लोक कुजबुजतात, मुलालाही नको ती शंका येते. पण या म्हाताऱ्याला एवढेच जाणून घ्यायचे असते की ही पोरगी इतकी आनंदी कशी?

शेवटी ती कंटाळते. भेटणे बंद करू म्हणते. शेवटच्या भेटीत तो तिच्यापुढे झुकून विचारतो, मला एक दिवस तरी तुझ्यासारखं जगायचं आहे, काय करू सांग. ती गांगरते. तिच्यापाशी कसले तत्त्वज्ञान असणार! ती म्हणते, मी काम करते आणि जेवते, बस्स. आता ती खेळण्यांच्या कारखान्यात असते. पिशवीतून चावीचा एक ससा काढून टेबलावर ठेवते. ससा टुणटुण उड्या मारतो. हे असले ससे बनवताना जपानातल्या सगळ्या बाळांशी मैत्री झाल्यासारखी वाटते, असे ती सांगते, आणि सहज म्हणून जाते, तुम्हीही काही तरी बनवा ना!

वातानाबे म्हणतो, आता उशीर झाला. मग थबकतो. त्याचा चेहरा पालटतो. त्या कचेरीतही काही करता येईल, मनावर घेतले तर! ससा हातात घेऊन तो जिना उतरत असतो, तेव्हा त्याच हॉटेलात कुणा मुलीच्या वाढदिवसासाठी जमलेली पोरे शुभेच्छांचे गाणे गात असतात. गाणे दुसऱ्या मुलीसाठी आहे, पण पाहणाऱ्याला वाटते, हा याचाच जन्मदिवस.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत येतो आणि ढिगाऱ्यातून एक कागद उपसतो. कोणता? कुरोएच्या बायांचा अर्ज. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही आपली म्हण इथे किती चपखल बसते पाहा. घर पाहिले, बाजार पाहिला, परक्या पोरीच्या हसण्यात पाहिले, आणि ज्याच्या शोधात हा गावभर हिंडला ते त्याच्याच टेबलावर धूळ खात पडले होते. ज्या बायांना त्याने खिडकीवरून परत पाठवले, त्याच त्याचे सुख पदरात बांधून आल्या होत्या!

मला या चित्रपटाचे मर्म इथे दिसते. वातानाबेने नोकरी सोडली नाही, संन्यास घेतला नाही, काही अलौकिक केले नाही. खुर्ची तीच, शिक्का तोच, पगारही तोच. त्या शिक्क्याखालचा कागद कुणाच्या तरी मुलाबाळांचा आहे, एवढे त्याला दिसू लागले. आणि ते दिसायला त्याला गाऱ्हाणे घेऊन येणारी माणसे लागली. दाराशी अर्ज घेऊन येणारा माणूस म्हणजे कटकट, अशी आपली समजूत असते. चित्रपट म्हणतो, तो आला नसता तर तू काय घडवणार होतास?

आता यापुढे एखाद्या दिग्दर्शकाने बाग तयार होताना दाखवली असती, शेवटी टाळ्या आणि हारतुरे. कुरोसावा तसे करत नाहीत. निवेदक एकदम सांगतो, पाच महिन्यांनी आपला नायक वारला. आणि चित्रपट तर अजून बराच शिल्लक आहे!

पुढचा बहुतेक भाग त्याच्या घरी घडतो. तसबिरीपुढे उदबत्त्या लागल्या आहेत, कचेरीतली मंडळी शोकाला जमली आहेत, पुढ्यात तांदळाची दारू आहे. उपनगराध्यक्ष सांगतात की बाग झाली ती काही वातानाबेमुळे नव्हे, इतर खात्यांनी कामे केली म्हणून. सगळे माना डोलावतात. तेवढ्यात कुरोएच्या बाया येतात. कोणाच्या पाठीशी तान्हे मूल आहे. त्या तसबिरीपुढे बसतात आणि हुंदके देऊन रडतात. भाषण नाही, मानपत्र नाही. मोठे साहेब जागच्या जागी चुळबुळतात आणि थोड्या वेळाने काढता पाय घेतात.

साहेब गेल्यावर एकेकाला आठवू लागते. भर पावसात तो डबके पाहायला गेला होता. प्रत्येक खात्याच्या दाराशी तो मान खाली घालून उभा राही आणि समोरचा कंटाळून शिक्का मारीपर्यंत हलत नसे. त्या जागेवर डोळा असलेल्या गुंडांनी जिवाची धमकी दिली, तर हा नुसता हसला. मरणाच्या दारी उभ्या असलेल्या माणसाला मरणाचे भय काय घालणार! एकाने विचारले होते, साहेब, इतका अपमान होतो, राग कसा येत नाही? तो म्हणाला होता, कुणाचा राग धरायला मला वेळ नाही. एका संध्याकाळी मावळतीचे आभाळ पाहून तो थबकला, किती सुंदर म्हणाला, तीस वर्षांत आपण असे आभाळ पाहिलेच नव्हते म्हणाला, आणि लगेच पुढे चालू लागला.

शेवटी एक पोलीस शिपाई वातानाबेची टोपी घेऊन येतो. ती बागेत सापडली. तो सांगतो, काल रात्री बर्फ पडत होते आणि हा गृहस्थ बागेतल्या झोपाळ्यावर बसून गात होता. मला वाटले, दारू प्यायला आहे. इतका सुखात दिसत होता की हटकले नाही. गाणे कोणते, तर तेच १९१५ सालचे. पहिल्यांदा गायले तेव्हा भोवती दिवे, दारू आणि गर्दी होती, आणि गळ्यात हुंदका होता. दुसऱ्यांदा थंडी होती, अंधार होता, जवळ कोणी नव्हते. गाणे न बदलता माणूस किती बदलला, हे कुरोसावांनी असे दाखवले आहे.

श्रोतेहो, त्या झोपाळ्यावरच्या माणसाला श्रेय मिळालेले नव्हते. बागेच्या उद्घाटनाच्या समारंभात त्याला मागे कुठे तरी बसवले होते. त्याचा रोग बरा झाला नव्हता, मुलाशी मोकळे बोलणेही झाले नव्हते. तरी तो सुखी होता, कारण उद्या सकाळी त्या झोपाळ्यावर कुरोएची पोरे बसणार होती आणि हे त्याला ठाऊक होते. केलेले काम आपल्यामागे कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे, या जाणिवेपुढे नावाची पाटी फार लहान वाटते.

गोष्ट इथे संपली असती तर आपण डोळे पुसून घरी गेलो असतो. पण कुरोसावा आपल्याला सुखाने घरी जाऊ देत नाहीत. शोकाला जमलेले ते कारकून आता पुरते प्यालेले आहेत. गळ्यात गळा घालून शपथा घेतात, यापुढे आपणही वातानाबेसारखे काम करू! आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, स्मशानवैराग्य. चिता पेटलेली असते तोवर सगळा संसार मिथ्या वाटतो, आणि परतीच्या वाटेवर बांधाच्या भांडणाचा विषय निघतो. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते. वातानाबेच्या खुर्चीत दुसरा साहेब बसला आहे. खिडकीशी कोणी सांडपाण्याचे गाऱ्हाणे घेऊन येते, आणि उत्तर मिळते, बांधकाम खात्याकडे जा! किमुरा नावाचा एकच कारकून ताडकन उठून उभा राहतो. त्याला वातानाबेविषयी पहिल्यापासून खरे वाटत होते. साहेब त्याच्याकडे पाहतात. बाकीचे माना वर करीत नाहीत. किमुरा हळूहळू खाली बसतो आणि कागदांच्या ढिगाऱ्यामागे दिसेनासा होतो.

ज्या गुरुजींना ही गोष्ट वर्गात सांगायची असेल, त्यांना माझी एक विनंती आहे. झोपाळ्यावर थांबू नका, किमुरापर्यंत जा. आणि मुलांना विचारा, किमुरा खाली का बसला? मुले चटकन म्हणतील, तो भित्रा होता म्हणून. मग दुसरा प्रश्न विचारा, त्या खोलीत अजून कितीजण होते, आणि आदल्या रात्री शपथ कुणाकुणाची होती? एकट्याने उभे राहणे अवघड असते. शेजारचा एक जरी उठला असता, तरी किमुरा बसला नसता. वातानाबेला मरणाने एकट्याने उभे राहण्याचे बळ दिले. आपल्यासारख्या धडधाकट माणसांना ते बळ एकमेकांकडूनच घ्यावे लागते. ग्रामसभेत खरे बोलायला कोणी उठले आणि त्याचे म्हणणे आपल्याला पटत असेल, तर पारावर नंतर त्याची तारीफ करण्यापेक्षा तिथेच त्याच्या शेजारी उभे राहावे. त्याला तेवढे पुरते.

आणखी एक. सहा महिन्यांची मुदत कळल्यावर वातानाबे जागा झाला. आपल्याला मुदत कळलेली नाही, म्हणून आपण ती अमर्याद धरून चालतो. शेतकऱ्याला तरी हे समजावून सांगायला नको. पाऊस उद्या येतो की चार दिवसांनी, हे ठाऊक नसते म्हणूनच तो आज वखर धरतो. कामाला लागायला पावसाची तारीख कळण्याची वाट कोणी पाहत नाही.

तेव्हा उद्या सकाळी आपापल्या जागी एवढेच करून पाहू. गुरुजींच्या टेबलावर एखाद्या मुलाचा दाखला अडला असेल, सरपंचांच्या खणात हातपंपाचा अर्ज पडला असेल, ग्रामसेवकाच्या पिशवीत कुणा म्हातारीच्या निराधार पगाराचा कागद असेल. असा एकच कागद वर काढावा आणि तो तडीस जाईपर्यंत हातचा सोडू नये. दुसऱ्याला सांगायची गरज नाही, फोटो काढायची तर मुळीच नाही.

चित्रपटाच्या अगदी शेवटी किमुरा संध्याकाळी घरी जाताना बागेवरच्या पुलावर थांबतो. खाली पोरे झोके घेत आहेत. कोणाची आई जेवायला हाक मारते, पोर झोपाळा सोडून पळते, आणि रिकामा झोपाळा थोडा वेळ हलत राहतो. तिथे पूर्वी डबके होते, हे त्या पोराला ठाऊकही नसेल.